गुडघ्यांपुरती

आखाजीच्या आदल्या दिवशी, अमळनेरात,
भर दोनच्या उन्हात,
साडीवर घातलेल्या बिबड्या अर्ध्या तासात कडक झाल्या
तेव्हा मी गोधडी शिवायला बसले.

बेबाबाईने दारातूनच विचारलं,
"काय करी राहिनी व माय? डोकं फिरनं का तुन्हं?"
म्हटलं, फिरनं.

नणंद आलीय पुण्याहून. कुमुदिनी.
ती बसते त्या खोलीत माणसांपेक्षा यंत्रं जास्त,
आणि यंत्रांना उकडू नये म्हणून
तिथे बारा महिने हिवाळा चालू ठेवतात.
"गुडघे गारठतात गं वहिनी,"
काल रसात पोळी बुडवताना म्हणाली,
कपाळावरचा घाम पुसत.
बोलली आणि विसरली.

परवा सकाळी सातची एसटी.
म्हणजे हातात दीड दिवस, त्यातून
पुरण, घागर, पाहुणे, नळाचं पाणी वजा.
पुऱ्या गोधडीला तीन महिने लागतात आणि चार बायका.
इथे मी एकटी,
आणि पायमशीन, जिचा पट्टा उन्हाने सैल पडलाय.

माप घ्यायचं कसं, कळू न देता?
निंबाला झोका होता. तिला बसवलं,
"थांब, ओढणी अडकलीय," म्हणत वाकले
आणि मांडीवरून वीत टाकली.
चार विती लांब, साडेतीन रुंद.
एवढीच. पायघोळ नको,
खुर्चीच्या चाकात जायची.

वरच्या अंगाला
तिच्या अकरावीच्या गणवेशाचा निळा,
सासऱ्यांच्या लुंगीतला न विटलेला भाग,
पडद्याची पोपटी किनार,
आणि नवऱ्याचा तो शर्ट
जो त्याला आवडतो, मला नाही.
(विचारलं तर सांगेन, इस्त्रीवाल्याने हरवला.)

अस्तराला काही पुरेना.
मग ट्रंकेच्या तळाची जांभळी काढली,
भावाने पहिल्या आखाजीला नेसवलेली,
निऱ्यांवर विरलेली.
चोपडा इथून तासाभरावर.
सहा आखाज्या झाल्या.
घरची लेक येते तेव्हा घरची सून घरी लागते,
असं कुणी म्हणत नाही,
गाड्यांच्या वेळाच तशा असतात.

कात्री हातात घेऊन थोडी थांबले.
तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला,
थांबायलासुद्धा उकडू लागलं,
म्हणून कापली.

दोन-दोन बोटांवर मशीनची सरळ टीप.
हाताचे धावदोरे फक्त कडेला,
तेही लांब लांब;
जाणतीला घाई लगेच दिसेल.
निळ्यावर घामाचा थेंब पडला,
वाळून मिठाचा गोल उरला. राहू दिला.
रात्री दीडला शेवटचा कोपरा वाकडा बसला,
तोही राहू दिला.
गाठी मारल्या, जाडजाड, खालच्या अंगाला,
जिथे कुणी बघत नाही.

एसटीच्या खिडकीतून पिशवी दिली.
तिने तिथेच उघडली,
आणि सकाळी सातलाच चिकचिकणाऱ्या त्या गाडीत
मांडीवर पसरून बसली, राणीसारखी.
कंडक्टर म्हणाला, "ताई, ताप आहे का?"

बुधवारी फोटो आला.
निळसर उजेड, रांगेने लुकलुकणारी यंत्रं,
खुर्ची, गुडघे,
आणि गोधडी उलटी.
वर जांभळी, गाठींसकट.
गणवेश, लुंगी, तो शर्ट,
माझी सगळी जुळवाजुळव खाली, कुणाला न दिसणारी.

'अगं, उलटी घेतलीस' लिहायला घेतलं,
तोवर तिचंच आलं:
"ही बाजू मऊ आहे, वहिनी. कुठली साडी?"

बिबड्या डब्यात भरत होते.
हात पदराला पुसले,
लिहिलं, "चोपड्याची."